वास आणि ठसका

बंगळूर शहराच्या जुन्या भागात कृष्णराजेंद्र मार्केट या नावाचा एक मोठा बाजार आहे. उजाडण्यापूर्वीच तेथे फुलांच्या राशी पडू लागतात. मोगरा, शेवंती, गुलाब, झेंडू यांच्या टोपल्यांमधून वाट काढणाऱ्या माणसाचे पाऊल आपोआप मंदावते आणि श्वास दीर्घ होतो. तोच माणूस थोड्या वेळाने आसपासच्या एखाद्या गल्लीत शिरतो. तेथे सुक्या मिरच्यांची पोती उलगडलेली असतात. पोते झटकले जाते, लाल खकाणा उठतो, आणि क्षणार्धात त्याचा श्वास अडतो, डोळे पाणावतात, नाक वाहू लागते आणि ठसक्यामागून ठसका सुरू होतो. फुलांचा परिमळ आणि मिरचीचा खकाणा हे दोन्ही एकाच दाराने आत आले, तरी एकाचे स्वागत झाले आणि दुसऱ्याला हाकलून देण्यासाठी सारे शरीर उठून उभे राहिले. असे का व्हावे?

आपल्या भाषेने या प्रश्नाचे अर्धे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. मराठीत वास ‘येतो’, पण ठसका ‘लागतो’. दगडाची ठेच लागते, चुलीचा चटका लागतो, तसाच हा ठसका. घमघमाट, दरवळ, कुबट, करपट हे शब्द वासाचे आहेत. चुरचुर, आग, झिणझिण्या हे शब्द मात्र त्वचेचे आहेत आणि मिरचीच्या बाबतीत आपण तेच नाकाला लावतो. ज्यांनी ही भाषा घडविली त्यांना शरीरशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु वास घेणे ही एक गोष्ट आणि नाकाला झोंबणे ही दुसरी गोष्ट, हा भेद त्यांनी अचूक ओळखला होता. शास्त्रानेही पुढे तोच भेद मान्य केला.

नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूस एक लहानसा पट्टा असतो. तेथे गंध ओळखणाऱ्या पेशी असतात आणि त्यांचे तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूकडे जातात. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांत हा गंधवाहक मज्जातंतू पहिला गणला जातो. परंतु नाकाच्या सबंध अस्तराला, वरपासून खालपर्यंत, आणखी एका मज्जातंतूच्या शाखा पोचलेल्या असतात. तो पाचवा मज्जातंतू होय. कपाळ व डोळे, गाल व वरचा जबडा, आणि खालचा जबडा अशा तीन दिशांना त्याच्या तीन मोठ्या शाखा जात असल्यामुळे त्याला त्रिशाखी म्हणतात. दात दुखला तर ती वेदना हाच वाहून नेतो. डोळ्यांत कचरा गेला तर त्याची वार्ता हाच देतो. चेहऱ्याला लागलेली थंड वाऱ्याची झुळूकही याच्याच मार्गाने कळते. नाकातील त्याच्या शाखांचे काम अर्थातच वास घेणे नव्हे. हवेतून आत येणाऱ्या वस्तूंपैकी कोणती वस्तू शरीराला इजा करू शकेल, याची दखल घेणे हे त्यांचे काम. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जी. एच. पार्कर यांनी १९१२ साली गंध आणि रुची यांच्या जोडीला या तिसऱ्या जाणिवेला स्वतंत्र स्थान दिले आणि तिला ‘सामान्य रासायनिक संवेदना’ असे नाव दिले.

ही जाणीव वासाहून निराळी आहे हे पडताळून पाहण्याच्या काही साध्या रीती आहेत. डोळे मिटलेल्या माणसाच्या एकाच नाकपुडीत व्हॅनिलाचा शुद्ध गंध सोडला, तर गंध कोणता हे तो सांगतो. पण उजव्या नाकपुडीतून आला की डाव्या, हे त्याला नीट सांगता येत नाही. त्याऐवजी अमोनियाची किंचित वाफ सोडली, तर तो चटकन बाजू सांगतो. गंधाला ठिकाण नसते, टोचणीला असते. दुसरा पुरावा कर्बद्विप्राणिल वायूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. या वायूला वास नाही. तरीही सोड्याची बाटली फोडून घाईघाईने घोट घेतला की नाकात चुरचुरते. नाकातील ओलाव्यात तो वायू विरघळून सौम्य आम्ल तयार होते आणि त्याची दखल पाचवा मज्जातंतू घेतो. तिसरा पुरावा अशा माणसांचा, की ज्यांची गंधशक्ती अपघाताने किंवा आजाराने गेली आहे. त्यांना गुलाबाचा वास येत नाही, पण अमोनिया मात्र नाकाला झोंबतो. २०२० साली करोनाच्या साथीत असंख्य माणसांचा वास गेला, तेव्हा हा विषय घरोघरी पोचला. त्या वर्षी निरनिराळ्या देशांतील चार हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत असे आढळले, की पुष्कळांचा केवळ वास आणि चवच नव्हे, तर तिखटाचा झोंबरेपणाही मंदावला होता. पहिले दार बंद झाले तरी दुसरे नेहमीच शाबूत राहते, असे गृहीत धरणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

आता हे तंतू धोका ओळखतात तरी कसे? गंधाच्या पेशी आपले सूक्ष्म केस नाकातील ओल्या थरात थेट बाहेर काढून बसलेल्या असतात. त्रिशाखी तंतूंची टोके तशी उघड्यावर नसतात. ती अस्तराच्या पेशींच्या वरच्या घट्ट सांध्यांखाली दडलेली असतात. त्यामुळे दाहक द्रव्याला ओलावा आणि पेशी ओलांडून त्यांच्यापर्यंत झिरपावे लागते. म्हणूनच ठसका अनेकदा वासापेक्षा किंचित उशिरा लागतो. आणि म्हणूनच थोड्या दाहक हवेत अधिक वेळ बसल्यास, वास ओसरत गेला तरी चुरचुर वाढत जाते. शिवाय अस्तराच्या पृष्ठभागावर काही एकाकी पेशी पहारा देत असतात. प्राण्यांच्या नाकातील या पेशींचे वर्णन थॉमस फिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली केले. जिभेवर कडू चव ओळखणारे ग्राही या पेशींवरही असतात, आणि त्यांना कडू द्रव्य किंवा काही जंतूंनी सोडलेली रसायने लागली, की त्या त्रिशाखी तंतूंना सूचना देतात. कडूपणा ही जिभेची मक्तेदारी आहे असे आपण समजतो. परंतु कडूची एक चौकी नाकातही आहे, फक्त तेथे चव कळत नाही, श्वास थबकतो.

तंतूंच्या टोकांवरील ग्राहींचा शोध हा अलीकडच्या विज्ञानातील एक सुरेख अध्याय आहे. हंगेरीतील निकोलस यांचो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास असे दाखवून दिले होते, की मिरचीतील कॅप्सेसिन पुरेशा प्रमाणात दिलेल्या प्राण्यांना पुढे केवळ मिरचीच नव्हे, तर इतर दाहक द्रव्येही झोंबेनाशी होतात. याचा अर्थ असा, की या सर्वांची वार्ता नेणारे तंतू बव्हंशी एकच असले पाहिजेत. १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने त्या तंतूंवरील कॅप्सेसिनचा ग्राही शोधून काढला. टीआरपीव्ही-१ असे त्याचे नाव. हे प्रथिन म्हणजे पेशीच्या आवरणातील एक झडप होय. कॅप्सेसिन चिकटले की ती उघडते, कॅल्शियम आणि सोडियम यांचे विद्युत्‌भारित कण आत शिरतात आणि तंतूतून संदेश निघतो. मौजेची गोष्ट अशी, की सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे तापमान गेले, तरी हीच झडप उघडते. ‘तिखटाने तोंड भाजले’ हे आपले वाक्य तेव्हा निव्वळ अलंकारिक नाही. मज्जातंतूच्या दृष्टीने मिरची आणि निखारा यांची वर्दी एकच आहे. पक्ष्यांच्या शरीरातील याच झडपेवर कॅप्सेसिनचा परिणाम होत नाही. म्हणून पोपट मिरची खुशाल खातो आणि तिचे बी दूरवर नेऊन टाकतो. २००२ साली थंडाव्याची आणि पुदिन्यातील मेंथॉलची झडप सापडली. मेंथॉल हुंगल्यावर चोंदलेले नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. वस्तुतः हवेची वाट तेवढीच अरुंद असते, केवळ गारव्याची जाणीव जागी होते. उष्णतेच्या आणि स्पर्शाच्या ग्राहींच्या शोधाबद्दल ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु विषारी हवेच्या दृष्टीने याहून महत्त्वाची झडप दुसरीच आहे. तिचे नाव टीआरपीए-१. मोहरीच्या तिखट तेलाने ती उघडते, हे २००४ साली स्पष्ट झाले. कांदा चिरताना निघणारी वाफ, ठेचलेला लसूण, लाकूडफाट्याच्या धुरातील ॲक्रोलीन, फॉर्माल्डिहाइड, क्लोरीन आणि अश्रुधूर या सर्वांनी तीच झडप उघडते. यांच्या रेणूंची घडण एकमेकांशी मुळीच जुळत नाही. मग एकच कुलूप इतक्या किल्ल्यांनी कसे उघडावे? उत्तर असे, की येथे कुलूप-किल्लीचा न्यायच लागू नाही. या प्रथिनाच्या काही ठरावीक जागी सिस्टीन नावाचे गंधकयुक्त घटक आहेत. जी द्रव्ये रासायनिक दृष्ट्या आक्रमक असतात, ती या गंधकाशी प्रत्यक्ष बंध जोडतात आणि त्यामुळे झडप उघडी राहते. अशीच द्रव्ये शरीरातील इतर प्रथिनांचीही नासधूस करू शकतात. म्हणजे ही झडप द्रव्याचा आकार पाहत नाही, त्याची वागणूक पाहते. पूर्वी कधीही न भेटलेले, काल-परवा कारखान्यात जन्मलेले रसायनही तिच्या नजरेतून सुटत नाही, ते याचमुळे.

ही व्यवस्था किती पुरातन आहे याची साक्ष फळांवर घोंघावणारी लहानशी माशी देते. तिच्या शरीरात याच झडपेचे भावंड आहे आणि मोहरीच्या तेलापासून तीही दूर पळते. या माशीच्या रासायनिक जाणिवांचा अभ्यास भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात सुरू केला. वास आणि चव ओळखण्यात चुकणाऱ्या माशा निवडून त्यांच्यातील आनुवंशिक दोष शोधण्याची त्यांची रीत होती. पुढे बंगळूर येथे सिद्दिकी यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले, आणि कृषी विद्यापीठाच्या झाडीत वसलेल्या त्या केंद्रात हा विषय रुजला. रॉड्रिग्ज २०१० साली आणि सिद्दिकी २०१३ साली निवर्तले. माशीला वास कसा येतो, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण शरीर रसायनाची भाषा कशी वाचते, हे समजण्याची एक वाट त्यातूनच जाते.

संदेश मेंदूच्या देठात पोचला की पुढची हालचाल आपल्या इच्छेची वाट पाहत नाही. श्वास रोखला जातो, शिंक येते, डोळे आणि नाक वाहू लागतात, श्वासनलिका आकसतात. उडवून लावणे, धुऊन टाकणे आणि दार लोटून घेणे, अशी ही तिहेरी तजवीज आहे. मूर्च्छा आलेल्याच्या नाकाशी कांदा फोडून धरण्याची, किंवा नवसागर आणि चुना चोळून हुंगविण्याची जुनी पद्धत याच प्रतिक्षेपावर आधारलेली आहे. तो उपचार नव्हे. ती केवळ एक खडबडून हलवणी आहे. घरात दृष्ट काढून मीठ, मोहरी आणि मिरच्या निखाऱ्यावर टाकतात आणि ठसका लागला नाही तर ‘फार मोठी दृष्ट होती’ असे म्हणतात. त्या श्रद्धेचे काहीही असो. पण ठसका लागणे हे सुस्थितीचे लक्षण आणि न लागणे हे काळजीचे कारण, हा तिच्यातील विचार शरीरशास्त्राला अगदीच परका नाही.

या साऱ्या ज्ञानाचे मोल आपल्या देशाला एका रात्रीने शिकविले आहे. १९८४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २ आणि ३ तारखांमधील रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हवेत मिसळले. वस्त्यांमधील माणसे खोकत, डोळे चोळत जागी झाली. त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे एकच गोष्ट सांगितली: कोणीतरी शेजारी मिरच्या जाळीत आहे असे वाटले. हजारो माणसे प्राणाला मुकली. ती उपमा केवळ भयाने सुचलेली नव्हती. आयसोसायनेट आणि अश्रुधूर हे दोन्ही टीआरपीए-१ ही झडप उघडतात, असे अमेरिकन संशोधकांनी २००९ साली दाखविले. ज्या तंतूंवर ही झडप असते, त्यांच्यापैकी बहुतेकांवर मिरचीची झडपही असते. तंतू एकच, म्हणून वर्दीही एकच. मेंदूने ती ओळखीच्या शब्दांत वाचली आणि त्याला घरातल्या चुलीवरच्या मिरच्या आठवल्या.

यात एक मर्मभेदी धडा आहे. या वायूसंबंधी १९६४ साली जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना हवेच्या दहा लाख भागांत त्याचे २ भाग असताना वास मुळीच आला नाही, पण डोळे आणि नाक झोंबले. पहिला मज्जातंतू गप्प असताना पाचव्याने इशारा दिला होता. भोपाळमध्येही त्याने आपले काम केले. परंतु इशारा मिळणे वेगळे आणि त्याचा अर्थ कळणे वेगळे. शेजारच्या कारखान्यात कोणते द्रव्य साठविले आहे आणि ते सुटल्यास काय करावे, हे त्या वस्त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. पहारेकऱ्याने घंटा वाजविली. पण ती कशाची, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक द्रव्यांची माहिती कामगारांना आणि परिसरातील जनतेला देणे बंधनकारक ठरले. नाकाने दिलेल्या वर्दीला अर्थ पुरविण्याचे काम समाजाचे आहे, याचीच ती उशिरा दिलेली कबुली होय.

शिवाय हा पहारेकरी सर्वज्ञ नाही. कर्बएकप्राणिल वायू, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, याला वासही नाही आणि झोंबरेपणाही नाही. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे म्हणूनच उठत नाहीत. प्राणवायू कमी झालेल्या हवेची वर्दी नाक देत नाही; धान्याच्या पेवात किंवा जुन्या विहिरीत बेधडक उतरलेला माणूस त्यामुळे दगावतो. गटारांत साठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला आरंभी सडक्या अंड्यांची दुर्गंधी येते. परंतु त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे शंभर भागांवर गेले, की गंधशक्तीच बधिर होते आणि दुर्गंधी गेली म्हणजे धोका टळला, असा प्राणघातक भ्रम होतो. माणसाला संरक्षक साधनांवाचून गटारात उतरविण्यास २०१३ सालच्या कायद्याने मनाई केली आहे. ती मनाई केवळ दयेपोटी आलेली नाही. माणसाचे नाक तेथे भरवशाचे नाही, हे त्यामागचे कठोर सत्य आहे. घरगुती गॅसला मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळतात, तेही याच कारणाने: जेथे निसर्गाने घंटा बांधलेली नाही, तेथे ती माणसाने बांधावी लागते.

जेथे घंटा आहे, तेथेही ती अखेरची मर्यादा मानता येत नाही. अमेरिकेत ईव्ह अलारी यांनी १९६०च्या दशकात एक पद्धत बसविली. दाहक वाफेत उंदराच्या श्वासाची गती मंदावते. ती निम्म्यावर आणणारे प्रमाण मोजतात, आणि त्याच्या सुमारे शंभरांश ३ इतके प्रमाण कामगारासाठी सुसह्य समजण्याची प्रथा पुढे रुजली. मिथिल आयसोसायनेटसाठी औद्योगिक आरोग्याच्या मानकांत दिलेली मर्यादा दहा लाखांत ०.०२ भाग एवढी आहे. म्हणजे ज्या प्रमाणास स्वयंसेवकांचे नाक झोंबले, त्याचा हा शंभरावा हिस्सा. नाक बोलू लागण्यापूर्वीच मर्यादा कितीतरी मागे पडलेली असते. म्हणून यंत्राने मोजणे, नोंद ठेवणे आणि नोंद वाचणे, ही तिन्ही कामे नाकावर सोपविता येत नाहीत.

याच्या उलट बाजूचा अनुभव बंगळूरने घेतला आहे. बेळ्ळंदूर तलावात शहराचे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत गेले. साबणाच्या द्रव्यांमुळे पांढऱ्या फेसाचे डोंगर उठू लागले आणि तो रस्त्यावर उडू नये म्हणून काठाला जाळ्या उभाराव्या लागल्या. मे २०१५ मध्ये त्या फेसानेच पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये आणि पुन्हा १९ जानेवारी २०१८ रोजी तलावात आग लागली, आणि पाण्यावरून धुराचे लोट निघताना शहराने पाहिले. नाक चुरचुरते, डोळे झोंबतात, अशी त्या भागातील रहिवाशांची तक्रार होती. अशा तक्रारीला आकडा नसतो, म्हणून ती अर्जाच्या गठ्ठ्यात सहज खाली सरकते. पण तिच्यामागे एक अवयव आहे, एक मज्जातंतू आहे आणि कोट्यवधी वर्षांची परीक्षा उत्तीर्ण झालेली एक झडप आहे. ती साक्ष अपुरी असेल; खोटी मात्र क्वचितच असते.

नाकाच्या या दुसऱ्या जाणिवेला ना कवींनी गौरविले, ना अत्तरवाल्यांनी. तिच्यामुळे कोणाला आनंद होत नाही. उलट ती नको त्या वेळी शिंकायला लावते आणि चारचौघांत डोळे पुसायला लावते. तिने दिलेला ठसका ऐकून खिडकी उघडणे, हे घरातील माणसाचे काम. आणि ज्या वस्तीत खिडकी उघडूनही ठसका थांबत नाही, तेथे हवा मोजून त्याचे कारण शोधणे, हे नगराचे आणि राज्याचे काम होय.